जुनी डिझेल फोर बाय फोर: टाकी, काटा आणि ॲव्हरेजचा खरा हिशेब

जुनी डिझेल जीप दिसली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती देते?" उत्तरही तयार असतं. कुणी बारा सांगतं, कुणी चौदा, आणि विकायला काढलेली असेल तर सोळासुद्धा. हे आकडे खोटे असतातच असं नाही. फक्त ते कुणी मोजलेले नसतात. महिंद्राच्या एमएम ५४०, मेजर, २०२० च्या आधीची थार, बोलेरो फोर बाय फोर, टाटाची पहिल्या पिढीची सफारी या गाड्यांमध्ये टाकीचा काटा, ओडोमीटर आणि पेट्रोल पंपावरचं नोझल हे तिघंही थोडं थोडं फसवतात. त्या तिघांची बेरीज करून "गाडी डिझेल खाते" असा निष्कर्ष निघतो आणि पहिला पाना जाऊन बसतो तो फ्युएल पंपावर, म्हणजे इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपावर. आमच्या मते हा क्रम उलटा हवा. आधी माप, मग चाकं आणि ब्रेक, मग इंजिनाचं तापमान आणि हवा, नंतर टाकी आणि पाइप. पंपाला हात सगळ्यात शेवटी.

फुल टँक म्हणजे नक्की किती?

डिझेलला फेस येतो. टाकीत जोरात सोडलं की फेस गळ्यापर्यंत चढतो आणि नोझल कट होतं. फेस बसला की त्याच टाकीत आणखी दोन-तीन लिटर सहज मावतं. जुन्या टाकीचा गळा लांब आणि वाकडा असेल किंवा गळ्याशेजारची हवेची नळी चिखलाने बुजली असेल, तर कट आणखी लवकर होतो. त्यामुळे एकदा पहिल्या कटला थांबलात आणि पुढच्या वेळी "राउंड फिगर करा" म्हणालात, तर सगळा हिशेब तिथेच बिघडतो.

पद्धत अशी ठेवा. पेट्रोल पंप एकच, नोझल एकच, गाडी उभी करण्याची दिशाही एकच, कारण उतारावर तिरकी उभी राहिलेली जीप लिटरभर इकडेतिकडे करते. पहिला कट झाला की मिनिटभर थांबा, मग हळू धारेने दुसरा कट येईपर्यंत भरा आणि तिथे थांबा. ट्रिप मीटर शून्य करा. निदान ३०० किलोमीटर चालवल्यावर तसंच पुन्हा भरा. भरताना दोन लिटरची चूक झाली, तर २० लिटरच्या भरण्यात ती १० टक्के असते, पण ४५ लिटरच्या भरण्यात साडेचार टक्क्यांवर येते. म्हणून मोठं भरणं घ्या आणि लागोपाठच्या तीन भरण्यांची सरासरी काढा. एका टाकीवरून काढलेल्या ॲव्हरेजला काही अर्थ नाही.

गळ्यापर्यंत ठासून मात्र भरू नका. दर अंश सेल्सियसला डिझेल साधारण ०.०८ टक्के फुगतं. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून आलेलं ६० लिटर थंड डिझेल उन्हात २० अंशांनी तापलं की जवळजवळ एक लिटर वाढतं. सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये टाकीखाली दिसणारा डाग बऱ्याचदा गळतीचा नसून याचाच असतो.

ओडोमीटर आणि मोठे टायर

जुन्या फोर बाय फोरवर कंपनीचे टायर क्वचितच राहिलेले असतात. समजा मूळ माप २३५/७० आर १६ होतं. त्याचा व्यास ७३५ मिलिमीटर. आता बसवलेत २४५/७५ आर १६, व्यास ७७४ मिलिमीटर. चाक ५.२ टक्के मोठं झालं, म्हणजे तेवढ्याच अंतरात ते कमी फेरे घेतं आणि ओडोमीटर कमी दाखवतो. मीटरवर ५०० किलोमीटर दिसत असतील तेव्हा गाडी खरोखर ५२६ चाललेली असते. ४२ लिटर लागलं तर मीटरप्रमाणे ॲव्हरेज ११.९ येतं, प्रत्यक्षात १२.५ असतं. मोठे टायर टाकल्यापासून ॲव्हरेज पडलं, या तक्रारीतला काही भाग केवळ मीटरचा असतो. उरलेला भाग खरा असतो: जड टायर, रुंद नक्षी, आणि गाडीला गिअर उंच पडल्यामुळे घाटात सारखा तिसरा-दुसरा करावा लागणं.

सुधारणेचा गुणक काढायला मोबाइलचं जीपीएस पुरेसं आहे. द्रुतगती मार्गावर सलग ५० किलोमीटर चालवा आणि जीपीएसचं अंतर भागिले मीटरचं अंतर करा. येणारा आकडा डॅशबोर्डच्या आत चिकटवून ठेवा. बोगद्यांत जीपीएस हरवतं, म्हणून खंडाळ्याचा भाग या मोजणीत नको.

भरण्याच्या हिशेबावरही विश्वास बसत नसेल, तर कॅनची चाचणी आहे. यात एक गोष्ट विसरून चालत नाही: डिझेल इंजिन टाकीतून ओढतं त्यातलं बरंचसं जाळत नाही, रिटर्न पाइपने परत पाठवतं. म्हणून ओढणारा आणि परतीचा, असे दोन्ही पाइप एकाच पाच लिटरच्या कॅनमध्ये सोडायचे. कॅन नीट बांधायचा, सायलेन्सरपासून आणि केबिनपासून लांब. निघताना आणि आल्यावर त्याचं वजन करायचं. एक लिटर डिझेल साधारण ८३५ ग्रॅम भरतं. २० किलोमीटरमध्ये कॅन दीड किलोने हलका झाला तर १.८ लिटर जळालं, म्हणजे ११ चं ॲव्हरेज. फक्त ओढणाऱ्या पाइपवर मीटर लावून मोजणारे असतात. त्यांची गाडी कागदावर तीन-चार देते आणि उगाच घबराट होते. ही चाचणी जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीसाठीच. कॉमनरेल, म्हणजे खूप जास्त दाबाच्या नव्या इंजिनाचे पाइप घरी सोडू नका.

टाकीत दिसतं तेवढं वापरता येत नाही

विलीसच्या वंशातल्या जुन्या जीपमध्ये टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, चाळीस-पंचेचाळीस लिटरची. थारसारख्या नंतरच्या गाड्यांत ती मागे गेली आणि ६० लिटरची झाली. पण पुस्तकात लिहिलेली क्षमता आणि हाती येणारं डिझेल यात फरक असतो. ओढणारी नळी तळापासून थोडी वर थांबते, जेणेकरून गाळ आणि पाणी खालीच राहावं. तिच्याखालचे तीन-चार लिटर कधीच वर येत नाहीत. चढावर किंवा एका बाजूला कललेल्या वाटेवर डिझेल नळीपासून दूर जातं आणि काटा पाव टाकी दाखवत असतानाही इंजिन हवा ओढू शकतं.

काट्याचं म्हणाल तर टाकीत एक तरंगता फ्लोट असतो आणि त्याच्या दांडीला जोडलेला रेझिस्टन्स. टाकी वरून खालपर्यंत सारख्या रुंदीची नसते, दांडी वर्तुळात फिरते, त्यामुळे वरचा अर्धा भाग सावकाश उतरतो आणि खालचा अर्धा बघता बघता संपतो. हे बिघाडाचं लक्षण नाही. काटा फुलच्या वर अडकणं किंवा खड्ड्यात थेट शून्यावर पडणं हे मात्र बिघाडाचं लक्षण आहे. तेव्हा नवा सेंडर (हाच फ्लोट आणि रेझिस्टन्सचा जोड) घ्यायच्या आधी टाकीची अर्थिंग वायर काढून घासून बसवा. मुंबईच्या खाऱ्या हवेत ती हिरवी पडलेली असते आणि निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

टाकी कधी रिकामी करायची वेळ आलीच, तर काटा मोजून घ्या. सपाट जागी उभं राहून पाच-पाच लिटर ओतायचं आणि प्रत्येक वेळी काट्याची जागा लिहून घ्यायची. सीटखालची टाकी असेल तर लाकडी पट्टीवर तशाच खुणा करून ठेवा. काटा बंद पडला तरी पट्टी खोटं बोलत नाही.

मग डिझेल जातं कुठे?

आधी उभ्या गाडीचं बघू. अडीच लिटरचं जुनं डिझेल इंजिन नुसतं चालू ठेवलं तर तासाला पाऊण लिटरच्या आसपास पितं, एसी लावला की त्याहून जास्त. अंधेरी ते फोर्ट २५ किलोमीटरच्या प्रवासात अर्धा तास सिग्नलला आणि मेट्रोच्या खोदकामापाशी गेला, तर सुमारे ०.३५ लिटर जागच्या जागी जळतं. चालताना १२ देणारी गाडी तेवढ्यानेच १०.३ वर येते. पुढे सतत पहिला-दुसरा गिअर, थांबणं-सुटणं. टर्बो नसलेल्या जुन्या जीपने शहरात आठ-नऊ दिलं तर ती आजारी नाही.

हायवेला दुसरा शत्रू भेटतो, वारा. जीपचं तोंड चौकोनी, काच उभी, वर ताडपत्रीचा हूड. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ६० ऐवजी ९० ने गेलात की तो सव्वादोन पट होतो. या गाड्यांचा सगळ्यात किफायती वेग टॉप गिअरमध्ये ५० ते ६५. छतावर कॅरिअर आणि त्यात सामान असेल, तर पुढची सगळी दुरुस्ती करूनही आकडा हलणार नाही.

तिसरी गोष्ट इंजिनाची जात. पूजोच्या आराखड्याची जुनी इंजिनं इनडायरेक्ट इंजेक्शनची. त्यात डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटतं आणि उष्णता तिथल्या भिंतींत वाया जाते. महिंद्राचं एमडीआय इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं, तेवढ्याच कामाला साधारण १० ते १५ टक्के कमी पितं. शेजाऱ्याच्या एमडीआयशी आपल्या पूजोची तुलना करून कुढण्यात अर्थ नाही.

आता खरे बिघाड. सगळ्यात जास्त आढळतो आणि सगळ्यात कमी तपासला जातो तो घासणारा ब्रेक. पाच-सात किलोमीटर शक्य तितका कमी ब्रेक मारून चालवा, गाडी थांबवा आणि चारही हबजवळ हात न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं असेल तर ड्रमचं ॲडजस्टमेंट जास्त आहे, सिलिंडर अडकलाय किंवा बेअरिंग गेलंय. जुन्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम मागच्या चाकात नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सेलला ताकद वाटणारी गिअरपेटी) मागे शाफ्टवर असतो. तो हलका लागून राहिला तर चारही चाकं थंडच राहतात आणि दोष सापडत नाही. तिथेही हात लावून बघा, जपून, कारण चटका बसतो.

पुढचा एक्सेल. फ्री-व्हीलिंग हब (पुढची चाकं शाफ्टपासून सोडवणारे) नसतील किंवा लॉकवर राहिले असतील, तर टू-व्हीलमध्येही पुढचे शाफ्ट, क्राउन आणि प्रोपेलर शाफ्ट फुकट फिरत राहतात. वाचतं ते थोडंच, दोन-चार टक्के, पण झीजही वाचते. पावसात ओल्या डांबरावर फोर-हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) टाकून चालवायची सवय मात्र महागात पडते. या गाड्यांना मधला डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगळं अंतर कापतात, तो ताण शाफ्टमध्ये साठतो, टायर घासतात, लिव्हर अडकतो. फोर-हाय चिखलासाठी, ओल्या गवतासाठी, सैल खडीसाठी. फोर-लोमध्ये (चारही चाकांना ताकद, अगदी सावकाश गिअर) तर किलोमीटरचा हिशेबच सोडा. तिथे त्याच वेगाला इंजिन जवळजवळ अडीच पट फिरतं. तासाला किती लिटर, एवढंच मोजायचं.

यानंतर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. घाटात गाडी तापते म्हणून मेस्त्री तो काढून टाकतात, आणि मुंबईत हे इतकं सर्रास आहे की जुनी गाडी घेतली तर तो नाहीच असं धरून चालावं. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन एरवी सहसा ८० अंशांच्या वर जात नाही, थंडीत साठावरच रेंगाळतं. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, ऑइल जाड राहतं, सिलिंडर झिजतात. तापण्याचं कारण रेडिएटरच्या बुजलेल्या नळ्या, ढिला पट्टा, फाटलेला फॅन काउल किंवा वॉटर पंप यात शोधा. थर्मोस्टॅट काही शे रुपयांचा आहे, परत बसवा.

एअर फिल्टर जुन्या जीपमध्ये ऑइलबाथचा असतो. खालच्या वाटीत खुणेपर्यंतच इंजिन ऑइल. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून निळा धूर काढतं, कमी भरलं तर धूळ थेट आत. व्हॉल्व्ह क्लिअरन्स आणि टायरमधली हवा बघून घ्या, त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

एक लक्षण मात्र कधीही सोडू नका. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढत असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढून पुढे देणारा छोटा पंप) पडदा फाटलाय किंवा रोटरी पंपाचं पुढचं सील गेलंय. डिझेल ऑइलमध्ये मिसळतंय. ॲव्हरेज राहू द्या, बेअरिंगं जातील. गाडी तिथेच उभी करा.

आता इंजिनाचा पंप आणि नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोंडं. काळा धूर, जड पिकअप आणि वरचं सगळं, शिवाय पुढे दिलेली टाकी आणि पाइप, तपासून झालेलं, अशा वेळी नोझल बेंचवर टेस्ट करून घ्या. इनडायरेक्ट इंजिनाची नोझल साधारण १२० ते १५० बारला उघडतात, डायरेक्टची त्याहून बरीच वर. आपल्या इंजिनाचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. फवारा धुक्यासारखा हवा, धार किंवा थेंब नको. परत बसवताना तांब्याचा वायसर दर वेळी नवा. "पंप थोडा वाढवून देतो, ओढेल मस्त" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नको म्हणा. फुल-लोडचा स्क्रू फिरवला की हवा तेवढीच राहते आणि डिझेल वाढतं; जास्तीचं धुरातून जातं. बीएस ४ पूर्वीच्या डिझेल गाडीला पीयूसीत धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराच्या दाटपणाचं एकक) आहे, बीएस ४ ला ५०. वाढवलेला पंप तिथे अडकतो आणि पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीच्या वेळी ते नेमकं नडतं.

पावसाळा आणि टाकीतलं पाणी

मुंबईत जुन्या डिझेल टाकीचा खरा शत्रू जून ते सप्टेंबर. अर्धी टाकी रिकामी ठेवून गाडी महिनाभर उभी राहिली, तर दमट हवेतलं पाणी आतल्या पत्र्यावर जमतं आणि तळाशी उतरतं. दुसरी वाट झाकणाची: रबर कडक झालेलं, किंवा चोरीनंतर बाजारातून आणलेलं भलतंच झाकण. तिसरी वाट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. गरम टाकी साचलेल्या पाण्यात शिरली की आतली हवा पटकन थंड होऊन आकसते आणि ब्रीदरची (टाकीला हवा देणारी) नळी बुडालेली असेल तर पाणी आत ओढते. ब्रीदर जितका वर नेऊन बांधता येईल तितका बांधा.

हाच ब्रीदर बुजला तर उलटा त्रास. गाडी तीस-चाळीस किलोमीटर उत्तम चालते, मग दम सोडते, दहा मिनिटं थांबलं की पुन्हा ठीक. झाकण उघडताना 'सूं' आवाज येतो. झाकण ढिलं ठेवून तेवढंच अंतर चालवून बघा. त्रास गेला तर दोषी सापडला.

पाण्यामुळे पत्रा गंजतो, आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात त्या थरात जंतू वाढून काळा बुळबुळीत गाळ होतो. पावसाळ्यात दर पंधरवड्याला फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून काचेच्या बरणीत थोडं डिझेल घ्या. तळाशी वेगळा थर दिसला तर शुद्ध डिझेल येईपर्यंत सोडा. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा.

टाकी धुवायची तर खाली उतरवून, सेंडर काढून. आत मूठभर नट-बोल्ट आणि गंज काढायचं फॉस्फोरिक ॲसिडवालं द्रव टाकून हलवा, भरपूर पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि लगेच डिझेलने ओली करा, नाहीतर रात्रीत पुन्हा तांबूस होते. नट-बोल्ट मोजून टाका, मोजून काढा. भोक पडलेली टाकी वेल्डिंगला देताना "डिझेल आहे, पेट्रोल थोडंच" म्हणून बेफिकीर राहू नका. रिकाम्या टाकीतली वाफ स्फोट करते. हे काम रेडिएटर-टाकीच्या कारागिराकडेच द्या. आतून जस्ताचा मुलामा किंवा तांब्याच्या नव्या नळ्या टाळा. दोन्ही धातू डिझेलला खराब करून चिकट साका तयार करतात.

जुन्या रबराबद्दल एक. १ एप्रिल २०२० पासून मिळणाऱ्या बीएस ६ डिझेलमध्ये गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम असतं. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा बाकी घाटही थोडा बदलतो आणि वर्षानुवर्षं जुन्या डिझेलमध्ये फुगून बसलेली सीलं आकसू शकतात. पंपाभोवती अचानक ओल दिसू लागली तर आधी सील आणि पाइप बदला.

डिझेल संपलं, गाडीने एअर घेतली

मेकॅनिकल पंपाच्या गाडीत एअर, म्हणजे पाइपात शिरलेली हवा, काढायला दहा मिनिटं लागतात. टाकीत निदान दहा लिटर टाका. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करा आणि हँड प्रायमर (हाताने दाबायचा छोटा पंप) मारत राहा. आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग धार आली की धार चालू असतानाच स्क्रू आवळा. पंपावरच्या स्क्रूला हेच करा. तरी चालू होत नसेल तर इंजेक्टरचे नट, बहुधा १७ च्या पान्याने, एकेक फेरा सैल करून स्टार्टर मारा. डिझेल ठिबकलं की आवळा. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको. कॉमनरेल इंजिनात, म्हणजे सीआरडीई वगैरेंत, इंजेक्टरचा नट कधीही सैल करू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो आणि ती धार कातडी फोडून आत शिरते.

डिझेल न संपताही रोज सकाळी एअर घेत असेल, तर गळती टाकी ते फीड पंप या टप्प्यात आहे. हा भाग ओढीखाली असतो, म्हणून बाहेर थेंब पडत नाही, आत हवा शिरते. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी लावा आणि बुडबुडे बघा.

जादा टाकी की कॅन?

पल्ला आधी कागदावर काढा. ६० लिटरची टाकी, त्यातले ४ न मिळणारे, उरले ५६. घाट आणि कच्चा रस्ता धरून साडेनऊचं ॲव्हरेज, म्हणजे ५३२ किलोमीटर. त्यातला चौथा हिस्सा वाट चुकणं आणि फोर-लोसाठी राखला तरी ४०० उरतात. मुंबईहून निघून रत्नागिरी गाठेपर्यंत मध्ये भरावं लागत नाही. सह्याद्रीत फिरणाऱ्याला दुसरी टाकी बहुतेक नकोच असते.

तरी बसवलीच, तर एक चूक हमखास होते. टाकी बदलायचा कॉक फक्त ओढणाऱ्या पाइपवर लावतात. मग इंजिन जादा टाकीतून ओढतं आणि परतीचं डिझेल मूळ टाकीत सोडतं. मूळ टाकी भरलेली असेल तर ती उतू जाते आणि जादा टाकी अपेक्षेच्या आधीच संपते. ओढणारा आणि परतीचा, दोन्ही पाइप एकाच वेळी वळवणारा सहा तोंडांचा व्हॉल्व्ह लागतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल मान्य करत नाही. अपघातानंतर विमा कंपनी हे पहिलं काढते.

म्हणून अधूनमधून लांब जाणाऱ्याने २० लिटरचा एक पत्र्याचा जेरीकॅन घ्यावा. भरलेला २० किलोच्या पुढे जातो, तेव्हा छतावर न ठेवता मागे खाली, उभा, पट्ट्याने आवळून ठेवावा, आणि वर दोन बोटं जागा मोकळी सोडावी.